नावे ठेवण्याची रीत

नावे ठेवणे हा आमच्या गावाचा फार जुना उद्योग आहे. पारावर, दळणाच्या रांगेत, एस. टी.ची वाट पाहत उभे असताना, जिथे चार माणसे जमतात तिथे पाचव्याला नावे ठेवली जातात. ह्या धंद्याला भांडवल लागत नाही आणि सुट्टीही नसते. मी तर शाळामास्तर असून वर कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा माझ्या वाट्याला नावेही दुप्पट येतात. परंतु नावे ठेवण्याची एक शास्त्रोक्त रीत असते, आणि ती इतकी कडक असते की एक स्वल्पविराम चुकला तरी केलेले सारे काम परत येते, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते. ते मला माझ्या भाचीने शिकवले.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी. शेतीशास्त्रात पीएच. डी. करते. वसुबारसेला ती आमच्याकडे नेवाशाला आली, ती तोंड उतरवूनच. बॅगेत कपडे थोडे आणि कागद फार. मामीने चकल्यांचा पहिला घाणा पुढे ठेवला, तरी हिचे लक्ष कागदांत. शेवटी विचारले तेव्हा कळले, की प्रवरेच्या कालव्याखालच्या जमिनी पाणी साचून कशा खारवतात यावर तिने एक निबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला होता. तो त्यांनी नाकारला नव्हता. उलट मजकूर बरा आहे असेच कळवले होते. फक्त संदर्भ आमच्या नमुन्याप्रमाणे लावलेले नाहीत, ते लावून आठ दिवसांत पाठवा, म्हणजे पुढे पाहू, असा निरोप होता.

"एवढंच ना?" मी म्हणालो.

"मामा, सत्तेचाळीस आहेत!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका, बस्स. शास्त्रीय निबंधाशी माझा संबंध पंचांगाइतकाही नाही. पण चार कादंबऱ्यांची प्रुफे मी स्वतः तपासली आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला जेवणातल्या खड्यासारखी लागते. तेव्हा मी चष्मा चढवला आणि म्हणालो, "आण ते इकडे."

त्या नियतकालिकाने लेखकांसाठी सूचनांचे जे पत्रक काढले होते, ते आमच्या शाळेच्या तपासणीच्या परिपत्रकाहून लांब होते. आधी लेखकाचे आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाची आद्याक्षरे, पण त्यांच्यामध्ये टिंब नको. मग कंसात साल. मग निबंधाचे शीर्षक साध्या अक्षरांत. मग नियतकालिकाचे नाव तिरप्या अक्षरांत, तेही ठरलेल्या संक्षेपाने. खंडाचा आकडा ठळक, पानांचे आकडे साधे. शेवटी त्या निबंधाचा संगणकावरचा कायमचा पत्ता. मजकुरात दोन लेखक असतील तर दोघांची नावे, तीन किंवा अधिक असतील तर पहिल्याचे नाव आणि पुढे लॅटिन भाषेतले 'एट अल.', म्हणजे 'आणि इतर'. भाची म्हणाली की दुसऱ्या नियतकालिकात हेच सारे उलटे असते. तिथे टिंबे हवीत, कंस नको आणि साल शेवटी. म्हणजे एकाच पाहुण्याला एका घरी पगडी घालून बसवायचे आणि शेजारच्या घरी बोडके, असा प्रकार.

"हे कुणी काढलं?" मी वैतागून विचारले.

तिने सांगितले ते मोठे गमतीचे निघाले. मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि साल लिहिण्याची जी पद्धत आहे, तिचा उगम अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाकडे देतात. १८८१ साली त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात ही सोय केली. निबंध कशावर? बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर! आणि नावांऐवजी मजकुरात नुसते आकडे घालून शेवटी त्या क्रमाने यादी द्यायची, ही दुसरी पद्धत. तिच्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जमले आणि त्यांनी एक नमुना ठरवला. ह्या आकड्यांच्या पद्धतीत मधेच एक संदर्भ वाढला की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात, पंगतीत मधे एक जण बसला की सगळी पंगत सरकते तशी.

आम्ही कामाला लागलो. मी मास्तर, तेव्हा मी हजेरीची पद्धत काढली. भाचीने निबंध वाचत जायचे आणि नाव आले की पुकारायचे. मी यादीत पाहून "हजर" म्हणायचे. मजकुरात नाव आहे आणि यादीत नाही, तो गैरहजर. यादीत आहे आणि मजकुरात कुठेच नाही, तो पटावर नसताना वर्गात येऊन बसलेला पोर. सत्तेचाळिसांत दोन गैरहजर निघाले आणि एक आगंतुक. मामी अनारसे तळता तळता आतून विचारी, "कोण सापडलं नाही गं?" आणि भाची सांगे, "चीनचे दोघं, मामी." अशी ती धनत्रयोदशी गेली.

नावांची तर त्रेधाच. आपले आडनाव शेवटी येते, म्हणून ते उचलून पुढे आणायचे हे ठीक. पण एम. एस. स्वामिनाथन यांचे काय करायचे? त्यांच्या नावातले मंकोंबु हे गाव, सांबशिवन् हे वडील आणि स्वामिनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. आडनाव नाहीच. पण यादीत बिचारे जन्मभर स्वतःच्याच नावाचे आडनाव लावून बसले. आणि शिंदे, जाधव, पवार यांची आद्याक्षरे जुळली की कोणता शिंदे कोणता हे त्याच्या बायकोलाही कळायचे नाही. म्हणूनच २०१२ पासून संशोधकांना सोळा आकडी क्रमांक देण्याची सोय झाली आहे.

संध्याकाळी माझ्या हाती एक मासा लागला. यादीत बसू आणि सिरूर यांचा निबंध होता, दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींवरचा. नीरा उजवा आणि प्रवरा, ह्या दोन कालव्यांच्या मुलखाची माती त्यांनी पाहिली आणि तिचे वर्ग पाडले. मजकुरात साल १९३८, यादीत १९८३. आकड्यांची नुसती अदलाबदल. मी ते दाखवले तेव्हा भाचीने जीभ चावली. "मामा, हा तर माझ्या कामाचा पाया. ह्यांच्या वेळची माती अशी होती, आज अशी आहे, हेच तर मला सांगायचं आहे. १९८३ छापलं असतं तर माझ्या जमिनी एका रात्रीत पंचेचाळीस वर्षांनी तरुण झाल्या असत्या!"

मग मला कळले, की हे टिंब-स्वल्पविरामाचे सोवळे कशासाठी. हा पत्ता आहे. पत्त्यात घरनंबर चुकला तर पत्र परत येते, आणि इथे तर पत्र परतही येत नाही.

पण खरी धडकी भरली ती पुढेच. त्या आगंतुक पोराचा पत्ता संगणकावर घालून पाहिला, तर त्या पत्त्यावर भलताच निबंध राहत होता. नियतकालिक खरे, लेखकांची नावे खरी वाटावीत अशी, शीर्षक तर भाचीच्या विषयाला शिवून घेतल्यासारखे. पण असा निबंध त्या अंकात नव्हता, त्या खंडात नव्हता, कुठेच नव्हता. भाची पांढरी पडली. मग हळूच म्हणाली, की यादी नीट लावून दे म्हणून तिने घाईत ती एका बोलक्या यंत्राला दिली होती, कृत्रिम बुद्धीच्या. यंत्राने यादी लावली, आणि एक संदर्भ पदरचा घातला. मागितला नसताना, प्रसाद वाढावा तसा.

मी तिला रागावलो नाही. तिला पुरेसे झाले होते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात अशाच यंत्राने रचलेले, कधीच न चाललेले खटले दाखले म्हणून दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला होता, हे तिनेच मला सांगितले. "माझ्या सरांचं नाव आहे मामा ह्या निबंधावर," ती म्हणाली. "छापून आला असता तर मी त्यांना तोंड कसं दाखवलं असतं?" यंत्राला लाज नसते, ती माणसालाच भरावी लागते.

त्या रात्री तिने ठरवले, की सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मूळ निबंध उघडून पाहायचे. तो एक गळाल्यामुळे शेहेचाळीस. यंत्राला नावे ठेवून मीही मोकळा झालो असतो. पण भाचीने तो आनंदही फार टिकू दिला नाही. ती म्हणाली, यंत्राच्या आधी माणसे हेच करीत होती. सिमकिन आणि रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी २००३ साली एक हिशेब मांडला. एका नामांकित निबंधाचा उल्लेख ४३०० वेळा झाला होता. त्यांतले १९६ उल्लेख चुकीचे होते. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाचा एकच चुकीचा आकडा ७८ ठिकाणी आढळला. आता अठ्ठ्याहत्तर माणसे आपापल्या बुद्धीने तीच चूक कशी करतील? मास्तराला हे सांगावे लागत नाही. वर्गात एकाच गणिताचे एकच चुकीचे उत्तर दहा वह्यांत आले, की कुणाची वही फिरली आहे ते मी ओळखतो. त्या दोघांचा अंदाज असा, की मूळ निबंध वाचून उल्लेख करणारे शंभरांत वीसच असावेत.

"मग मूळ मिळालंच नाही तर काय करायचं?" मी विचारले.

"तर तसं सांगायचं. अमक्यानं असं म्हटलं आहे, आणि ते मला तमक्याच्या लेखात मिळालं. दोघांचीही नावं द्यायची. दुसऱ्याच्या हातून घेतलं तर त्या हातासकट सांगायचं."

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले.

नरकचतुर्दशीला अभ्यंग झाले, फराळ झाला, आणि तिचे डोळे विसावावेत म्हणून मी तिला ज्ञानदेवांच्या मंदिरात घेऊन गेलो. प्रवरेच्या काठी तो दगडी खांब उभा आहे. त्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे आम्ही नेवासकर मानतो. खांबाला हात लावताना माझ्या मनात आले, की ह्या पोराने तर केव्हाच सारी रीत पाळून ठेवली आहे. व्यासांच्या पावलांवर पाऊल ठेवीत आणि भाष्यकारांना रस्ता विचारीत आपण आलो, हे ग्रंथाच्या शेवटी त्याने सांगितले. सारे श्रेय निवृत्तिनाथांना दिले. शके १२१२ हे साल, गोदावरीचा दक्षिण तीर, राज्यावर असलेला यादव रामचंद्र, एवढेच नव्हे तर लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, सगळी नोंद तिथे आहे. ज्याने सारे माझेच म्हटले असते तरी कुणी हरकत घेतली नसती, त्याने हे केले.

"दुर्गाबाई भागवतांचं 'पैस' ह्या खांबावरूनच ना?" भाचीने विचारले.

"हो, १९७० सालचं. साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं त्याला."

"आणि त्यांची धाकटी बहीण आमच्या यादीतली." मग पायरीवर बसून तिने कमला भागवतांची हकीकत सांगितली. १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकायला गेल्या, तर सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतले. पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. त्याच वर्षी रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला, भागवत या नावाने. १९४७ साली लग्न झाले, आणि मुंबईत नीरेवर त्यांनी जे गाजलेले काम केले ते कमला सोहोनी म्हणून. "आता इंग्रजी यादीत भागवत वरच्या टोकाला, सोहोनी खालच्या," भाची म्हणाली. "माहीत नसलेल्याला वाटणार, दोन वेगळ्या बाया. मामा, पुढच्या वर्षी घरात माझ्या लग्नाचं काढणार आहेत. मी आत्ताच सांगून ठेवते, ह्या निबंधावरचं नाव बदलायचं नाही."

मी मान डोलावली. नदी संथ होती, आणि माझे मन मात्र दुसरीकडेच लागले होते.

त्याचे कारण असे. बारा वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी निघाली. १९७२च्या दुष्काळावरची. तीत एक प्रकरण आहे: एक बाई दुष्काळी कामावर खडी फोडते आहे, पोर बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत आहे. हात सोडून झोळी हलवायला जावे तर मजुरी बुडते. म्हणून ती घणाचे घाव मोठ्याने मोजते. आकडे थांबले की पोर रडते, चालू झाले की झोपते. पोराची अंगाई म्हणजे एक ते शंभर. ह्या प्रकरणाची वाहवा झाली. एका गावी माझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारले, "गुरुजी, हे आपल्याला कसं सुचलं?" आणि मी हसून म्हणालो, "सुचलं खरं." अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तिने इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

ते मला सुचले नव्हते. मी जन्मलोच नव्हतो तेव्हा. खडी फोडणारी माझी आई, आणि झोळीतले पोर म्हणजे अक्का. मी पाच वर्षांचा असताना आई गेली. अक्का तेव्हा बारा वर्षांची. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि चूल तिच्याकडे आली. मला झोपवताना ती आईच्या गोष्टी सांगे, सुकडीच्या, खडीच्या, त्या मोजण्याच्या. मला शाळेत घातले तिने आणि दहावीपर्यंत रेटले तिने.

घरी येऊन मी कपाटातले पुस्तक काढले. आभाराचे पान उघडले. प्रकाशक आहेत, मुखपृष्ठाचे चित्रकार आहेत, अक्षरजुळणी करणाऱ्याचेही नाव आहे. शेवटी 'आणि इतर सर्व हितचिंतक'. माझी अक्का त्या 'आणि इतर'मध्ये होती. आई तर तिथेही नव्हती.

भाचीने माझ्या खांद्यावरून ते पान वाचले. तिने एकच विचारले, "मामा, ते खडीचं आईनं सांगितलेलं ना तुम्हाला?" मी पुस्तक मिटले. ती पुन्हा आपल्या यादीकडे गेली. पाडव्याच्या दुपारी शेहेचाळीस संदर्भ मुदतीच्या आत रवाना झाले.

भाऊबीजेला अक्का आली. ओवाळून झाले. दर वर्षी मी तबकात पाकीट ठेवतो. ह्या वर्षी पाकिटावर एक कागद ठेवला. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. तिच्या पहिल्या पानाचा तो मजकूर होता. खडीचे प्रकरण माझे नाही, ते बहिणीकडून मिळाले, असे त्यात लिहिले होते. नावाची जागा मी कोरी ठेवली होती.

अक्काने तो कागद निरांजनाच्या उजेडात दोनदा वाचला. काही बोलेना. मग म्हणाली, "हे कशाला रे आता? नुसतं अक्का लिही."

"आई, तसं चालत नाही," भाची म्हणाली. "शोधणाऱ्याला सापडलं पाहिजे. पूर्ण नाव लागतं. माहेरचं की सासरचं?"

अक्का जरा थांबली. "सातवीच्या दाखल्यावर आहे ते लिहा," ती म्हणाली. "ट्रंकेत आहे अजून दाखला." आणि मग मला म्हणाली, "पण आईचं नाव आधी घाल. खडी तिनं फोडली. मी नुसती झोळीत होते."

मी आईचे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, आडनाव लिहिले. भाचीने विचारले, "आजीचं माहेरचं काय?" मी गप्प. चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला आपल्या आईचे माहेरचे आडनाव चटकन आठवेना. अक्काला आठवत होते. लग्नाआधी आईला घरात कोणत्या नावाने हाक मारीत, तेही तिला ठाऊक होते. ते मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

ती नावे इथे देत नाही. बारा वर्षे ती ज्या पुस्तकात असायला हवी होती, त्याच पुस्तकात ती आधी छापली जावीत.

गावात आता नवे नाव मिळेल, की गुरुजींनी कादंबरी बहिणीकडून लिहून घेतली. मिळो. मी कागद पुरा करून भाचीपुढे सरकवला. तिने तो वाचला, पेन उघडले आणि म्हणाली, "मामा, आजीच्या नावापुढं स्वल्पविराम राहिलाय."